लूक : वैद्य, चित्रकार आणि ग्रंथकार

उधळ्या मुलाची गोष्ट, किंवा लुटारूंनीं अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूची शुश्रूषा करणाऱ्या शोमरोनी प्रवाशाची गोष्ट ऐकली नाहीं असा सुशिक्षित मराठी वाचक विरळाच. ख्रिस्ती धर्माशीं ज्यांचा सुतराम् संबंध नाहीं अशा घरांतहि वाचनाच्या ओघांत या कथा कधींच्याच येऊन बसल्या आहेत. मराठींत येशूची कथा तशी जुनीच. फादर स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोव्यांत राशोल येथें छापलें गेलें, तेव्हांपासून ती आपल्या ओवींत आहे. परंतु वर सांगितलेल्या दोन्ही गोष्टी, आणि येशूच्या जन्मकथेंतील ती गव्हाणी व ते मेंढपाळसुद्धां, चार शुभवर्तमानांपैकीं केवळ एकांतच सांपडतात, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तें शुभवर्तमान लूकच्या नांवावर आहे. 'प्रेषितांचीं कृत्यें' हा त्याचाच दुसरा भाग. दोन्ही मिळून नव्या कराराचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग होतो. इतकें लिखाण त्या संग्रहांत दुसऱ्या कोणाचेंहि नाहीं, पौलाचेंहि नाहीं. असा हा ग्रंथकार कोण, कोठला, कोणत्या थरांतला, हें जाणण्याची इच्छा होणें स्वाभाविक आहे. आणि ती इच्छा पुरी करण्याच्या भरांत लोकांनीं काय काय केलें, हेंहि पाहण्यासारखें आहे.

प्रथम हातीं काय आहे तें पाहूं. पौलाच्या नांवानें चालत आलेल्या पत्रांत लूकचें नांव तीन ठिकाणीं येतें. फिलेमोनाला लिहिलेल्या चिमुकल्या पत्राच्या शेवटीं सहकाऱ्यांच्या यादींत तो आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत त्याला वैद्य म्हटलें आहे, व तेंहि मोठ्या प्रेमानें. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत, इतर सारे दूर गेले, एकटा लूक तेवढा जवळ आहे, असा उल्लेख आहे. झालें. यांतहि मौज अशी कीं, ज्या पत्राविषयीं बहुतेक सर्व विद्वान् निःशंक आहेत त्या फिलेमोनाच्या पत्रांत नांवाखेरीज फारसें कांहींच नाहीं. ज्यांत थोडी माहिती आहे तीं दोन पत्रें खुद्द पौलाचीं आहेत कीं नाहींत याविषयींच मतभेद आहे, आणि तीमथ्याच्या पत्राविषयीं तर संशय घेणारांचीच संख्या आज मोठी आहे. कलस्सैच्या पत्रांत सुंता झालेल्या, म्हणजे यहूदी, सोबत्यांचीं नांवें आधीं निराळीं सांगून मग लूकचें नांव आलें आहे. त्यावरून तो यहूदी नसावा असें अनुमान काढतात. नव्या करारांतील एकमेव यहूदीतर लेखक अशी जी त्याची ख्याति आहे, तिचा मुख्य आधार एवढाच.

खुद्द ग्रंथांत तर लेखकाचें नांवच नाहीं. इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीपासून फुटलेल्या मार्सियननें याच शुभवर्तमानाची एक आंखूड प्रत आपल्या पंथासाठीं स्वीकारली. तिच्यावर कर्त्याचें नांव नाहीं, म्हणून पुढें टर्टुलियन त्याच्यावर तुटून पडला. लूकचें नांव आपणांस प्रथम स्पष्ट दिसतें तें इ. स. १८० च्या सुमारास, इरेनियसच्या ग्रंथांत. साधारणतः इ. स. २०० च्या आसपासची मानली जाणारी एक पपायरसावरील प्रत आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत आहे. तिच्यांतहि शुभवर्तमान संपतें त्या ठिकाणीं हें नांव लिहिलेलें आहे. ग्रंथ लिहिला गेला तो बहुतेकांच्या मतें इ. स. ८० ते ९० च्या दरम्यान. म्हणजे ग्रंथ व ग्रंथकाराचें नांव यांच्यामध्यें सुमारें शंभर वर्षांची पोकळी आहे. परंपरेचे कैवारी विचारतात कीं, निनांवी ग्रंथाला नांव चिकटवावयाचेंच होतें तर एखाद्या प्रेषिताचें चिकटविलें असतें. येशूला ज्यानें डोळ्यांनीं पाहिलेंहि नाहीं अशा तीन ओळींच्या माणसाचें कोण कशाला चिकटवील? प्रतिपक्ष उत्तर देतो कीं, हें नांव तर्कानेंहि सांपडण्यासारखें होतें. 'कृत्यां'च्या उत्तरार्धांत निवेदक मधूनमधून 'आम्ही' म्हणतो आणि पौलाबरोबर रोमपर्यंत जातो. तीमथ्याच्या पत्रांत शेवटपर्यंत पौलाजवळ कोण, तर लूक. दोहोंची बेरीज कोणीहि केली असती. आमच्या मतें पहिलें म्हणणें थोडें अधिक वजनदार आहे. पण थोडेंच.

एकदां नांव मिळालें म्हणजे चरित्र मिळण्यास वेळ लागत नाहीं. एका प्राचीन प्रस्तावनेंत लूक हा अंत्युखियाचा सिरियन, धंद्यानें वैद्य, अविवाहित, निपुत्रिक, चौऱ्यायशींव्या वर्षीं ग्रीस देशांतील बियोशियांत वारलेला, असा आपल्यापुढें येतो. चौथ्या शतकांत युसेबियसहि त्याला अंत्युखियाचाच म्हणतो. केंब्रिज येथें असलेल्या बेझाच्या प्रसिद्ध हस्तलिखितांत 'कृत्यां'च्या अकराव्या अध्यायांत, अंत्युखियाच्या प्रसंगींच, एक जादा 'आम्ही' आलेला आहे. हा शब्द परंपरेचा आधार कीं परंपरेचीच सांवली, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पुढच्या शतकांत लूक चित्रकार झाला. त्यानें मरीयेचें चित्र समोर बसून काढलें अशी कथा पसरली, युरोपांतील चित्रकारांच्या संघांनीं त्याला आपला कैवारी संत मानलें, आणि त्यानें काढलेलीं म्हणून दाखविलीं जाणारीं चित्रें देशोदेशीं निघालीं. चेन्नईजवळच्या सेंट थॉमस माउंटवरील चर्चमध्येंहि असें एक चित्र भाविक दाखवितात. ऐतिहासिक दृष्ट्या या कथेंत तथ्य नाहीं. तथापि टीका म्हणून ती अगदींच चुकलेली आहे असें आम्हांस वाटत नाहीं. देवदूताचा मरीयेला निरोप, रात्रीं रानांत कळप राखणारे मेंढपाळ, अम्माऊसच्या वाटेवर भेटलेला अनोळखी सोबती व संध्याकाळचें तें भोजन, हे प्रसंग लूकनेंच लिहिले, आणि चित्रकारांनीं शतकानुशतकें तेच रंगविले.

वैद्यकीच्या प्रश्नाची हकीकत याहून मनोरंजक आहे, कारण ती भाविकांची नसून पंडितांची आहे. १८८२ सालीं विल्यम कर्क होबार्ट या आयरिश विद्वानानें एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. हिप्पोक्रेटीस, गेलन इत्यादि ग्रीक वैद्यांचे ग्रंथ एका बाजूस व लूकचीं दोन पुस्तकें दुसऱ्या बाजूस ठेवून, दोहोंत समान असे शेंकडों शब्द त्यानें वेंचून काढले, आणि असें लिहिणारा वैद्यच असला पाहिजे असा निष्कर्ष काढला. पेत्राच्या सासूचा ताप मार्क नुसता ताप म्हणतो, लूक त्याला मोठा ताप म्हणतो; वाळलेल्या हाताच्या मनुष्याचा हात उजवा होता हें लूकच सांगतो; अशीं हीं स्थळें. जर्मनींतील अडोल्फ हार्नाक यांच्यासारख्या धुरंधरानें १९०६ मध्यें या मताला पाठिंबा दिल्यावर प्रश्न निकालांत निघाला असेंच पुष्कळांस वाटलें. परंतु १९१९-२० च्या सुमारास अमेरिकन संशोधक हेन्री कॅडबरी यांनीं अगदीं साधी गोष्ट केली. हे शब्द वैद्यांच्या ग्रंथांत आहेत हें खरें. पण ते इतरत्र नाहींत काय, हें त्यांनीं पाहिलें. इतिहासकार जोसीफस, विनोदी लेखक लूशियन, हिब्रू धर्मग्रंथांचें जुनें ग्रीक भाषांतर, यांत तेच शब्द मुबलक निघाले. लूकची वैद्यकीची पदवी काढून घेऊन कॅडबरींनीं स्वतःची डॉक्टरची पदवी मिळविली, असें त्यांचे विद्यार्थी थट्टेनें म्हणत. पुढें १९३३ मध्यें त्यांनीं घोड्यांच्या वैद्यांचे ग्रंथहि चाळले आणि लूकचे 'वैद्यकीय' शब्द तेथेंहि दाखवून दिले.

तरी एक स्थळ उरतेंच, आणि लूकचे चरित्रकार तें कधीं सोडीत नाहींत. बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेल्या स्त्रीची कथा सांगतांना मार्कनें, अनेक वैद्यांच्या हातीं तिचे हाल झाले, होतें नव्हतें तें द्रव्य संपलें आणि दुखणें उलट वाढलें, असें स्पष्ट लिहिलें आहे. लूकनें एवढेंच ठेवलें कीं, ती कोणाकडूनहि बरी होऊं शकली नव्हती; कांहीं हस्तलिखितांत द्रव्य खर्चल्याचा उल्लेख आहे, पण दुखणें वाढल्याचा नाहीं. वैद्यानें वैद्यांची अब्रू राखली, असें म्हणून टीकाकार येथें गालांतल्या गालांत हंसतात. आम्हांसहि हंसावयास आवडलें असतें; परंतु मत्तयाचें शुभवर्तमान उघडून पाहतां त्यानें वैद्यांविषयींचा तो सारा मजकूर समूळ गाळला आहे असें दिसतें, आणि मत्तयाला तर परंपरा जकातदार म्हणते! मार्कचा मजकूर आंखडतां घेणें ही दोघांचीहि रीतच होती. कॅडबरींनीं लूक वैद्य नव्हता असें सिद्ध केलें नाहीं, तसा त्यांचा दावाहि नव्हता. तो वैद्य असेल. त्याच्या पुस्तकांवरून तें कळत नाहीं, इतकेंच.

चरित्राचा हा शोध शेवटीं एका दांतापर्यंत जाऊन पोहोंचला. इटलींतील पादुआ शहरीं लूकच्या म्हणून जपलेल्या अस्थि आहेत. मस्तक प्रागला आहे, तें सम्राट् चौथ्या चार्ल्सनें १३५४ मध्यें नेलें. १९९८ मध्यें पादुआची शवपेटी उघडली गेली. तींतील एका दांताच्या डी. एन. ए. ची परीक्षा होऊन २००१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले : मनुष्य ग्रीक असण्यापेक्षां सिरियन असण्याचा संभव अधिक, मृत्यूचा काळ इ. स. ७२ ते ४१६ च्या दरम्यान. परंपरेला हें प्रतिकूल नाहीं. परंतु साडेतीनशें वर्षांच्या त्या अवधींत सिरियाचे कितीतरी मनुष्य मेले असतील, आणि दांत ज्याचा त्यानें पुस्तक लिहिलें होतें कीं नाहीं हें दांत सांगत नाहीं.

मग लूकला शोधावयाचें कोठें? आमच्या मतें, जेथें तो दुसऱ्याचें लिहिलेलें बदलतो तेथें. मार्कचें शुभवर्तमान त्याच्यापुढें होतें आणि त्यांतील सुमारें निम्मा भाग त्यानें उचलला, हें आतां बहुतेक सर्वमान्य आहे. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचावीं. लहानसहान फरकांतून एक माणूस हळूहळू डोकावूं लागतो. पक्षघाताच्या रोग्याला खाटेसह छपरांतून खालीं सोडल्याची कथा घ्या. मार्कच्या कथेंत मित्र छप्पर उकरतात. पॅलेस्टाईनच्या खेड्यांतील तुळया, डहाळ्या व माती यांचें धाबें उकरलेंच पाहिजे. लूकच्या कथेंत ते कौलें काढून रोग्याला खालीं सोडतात. ज्याच्या डोळ्यांपुढें घर म्हणतांच कौलारू घर उभें राहिलें, तो ग्रीक-रोमन वळणाच्या शहरांत वाढलेला असावा, हें अनुमान शेंकडों वैद्यकीय शब्दांपेक्षां आम्हांस अधिक भरंवशाचें वाटतें. तसेंच गालीलच्या त्या जलाशयाचें. मार्क व मत्तय त्याला समुद्र म्हणतात. तेथल्या कोळ्यांना तो समुद्रच. लूक मात्र नेमानें सरोवर म्हणतो. ज्यानें भूमध्य समुद्र ओलांडला आहे त्याला पांच-सात कोसांच्या पाण्यास समुद्र म्हणवत नाहीं. उलट शोमरोन व गालील यांच्या सीमेवरील वाट सांगतांना तो असा कांहीं घोटाळतो कीं, तो मुलूख त्यानें पाहिला होता कीं नाहीं अशी शंका यावी. बंदरें, बेटें, वारे, अधिकाऱ्यांच्या पदव्या यांत मात्र त्याचा हात क्वचितच चुकतो. थेस्सलनीकाच्या नगराधिकाऱ्यांस तो 'पोलितार्ख' म्हणतो. ग्रंथांतरीं जवळजवळ अनोळखी असलेला हा शब्द त्याच शहराच्या वेशीवरील शिलालेखांत मिळाला, आणि तो दगड आज ब्रिटिश म्युझियममध्यें आहे.

त्याचें शिक्षण पाहावयाचें तर त्याची प्रस्तावना वाचावी. ती मुळांत एकच लांब, तोलदार ग्रीक वाक्य आहे. पूर्वीं अनेकांनीं हा उद्योग केला, आपण सर्व गोष्टींचा मुळापासून शोध केला, आणि थियफिला, तुला मिळालेल्या शिक्षणाची खातरी पटावी म्हणून हें संगतवार लिहीत आहों, असा तिचा आशय. लव्हडे अलेक्झांडर या इंग्रज विदुषीनें १९९३ मध्यें दाखविलें कीं, अशा प्रस्तावना थोर इतिहासकारांपेक्षां वैद्यक, गणित, यंत्रविद्या अशा विषयांवरील ग्रंथांतून अधिक आढळतात. म्हणजे लूक दरबारी साहित्यिक नव्हे, तर कामापुरती उत्तम विद्या असलेल्या जाणत्या वर्गांतला. आणि हें वाक्य संपतांच तो एकदम भाषा बदलतो. जणूं एखाद्या निबंधकारानें आरंभीं एक संस्कृतप्रचुर वाक्य लिहावें आणि दुसऱ्याच ओळीपासून जुन्या पोथीच्या वळणावर कथा सांगूं लागावें, तशी त्याची ग्रीक जखऱ्याच्या कथेपासून हिब्रू धर्मग्रंथांच्या भाषांतराच्या चालीनें चालूं लागते. मराठी भाषांतरांतून हा पालट जाणवत नाहीं. पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक यांवरून केलेलें भाषांतर, त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें, तें साध्या बायाबापड्यांस समजावें या हेतूनें. त्या हेतूपुढें असा भाषाभेद राखणें शक्यहि नव्हतें. परंतु यहूदी पोथीची भाषा हुबेहूब वठविणारा हा मनुष्य त्या पोथीच्या सहवासांत वर्षानुवर्षें राहिला असला पाहिजे. तो यहूदीच असावा असें कांहीं विद्वान् म्हणतात तें यावरूनच; सभास्थानाच्या दारापर्यंत येऊन श्रद्धेनें ऐकणारे जे परकीय 'कृत्यां'त वारंवार भेटतात, त्यांतला तो एक असावा असें दुसरे म्हणतात. आमचा कल या दुसऱ्या मताकडे आहे.

आतां या थियफिलाकडे जरा निरखून पाहिलें पाहिजे. लूक त्याला जो बहुमानाचा शब्द लावतो, तोच 'कृत्यां'त फेलिक्स व फेस्त या रोमन सुभेदारांना लावलेला आहे. अर्थात् थियफील कोणी मानकरी, पैसेवाला, कदाचित् नकला करवून घेण्याचा खर्च सोसणारा आश्रयदाता. अशा माणसाला अर्पण केलेल्या पुस्तकांत काय असावें? आरंभींच मरीयेच्या तोंडीं असें गीत, कीं ज्यांत सत्ताधीश आसनांवरून खालीं ओढले जातात व धनवान् रिकाम्या हातीं परत जातात. मत्तयाच्या शुभवर्तमानांत येशू दीनांस धन्य म्हणतांना त्या दैन्याला 'आत्म्याचें' हें विशेषण लावतो. लूकमध्यें विशेषण नाहीं, नुसते गरीब आहेत, आणि पाठोपाठ श्रीमंतांचा धिक्कार आहे. कोठारें मोठीं करण्याचे बेत आंखतां आंखतां त्याच रात्रीं मरणारा जमीनदार, दाराशीं पडलेल्या लाजरकडे ढुंकूनहि न पाहणारा व मेल्यावर थेंबभर पाण्यासाठीं तळमळणारा सुखवस्तु गृहस्थ, अर्धी मालमत्ता वांटून टाकणारा जकातदार जक्कय, या साऱ्या कथा एकट्या लूकच्या. या कथांतले धनिक खुनी नाहींत, चोर नाहींत. ते व्यवस्थित, खाऊनपिऊन सुखी, पुढच्या वर्षांची तरतूद करणारे लोक आहेत. लाजरच्या कथेंतल्या गृहस्थावर तर एकाहि दुष्कृत्याचा आरोप नाहीं. भिकारी दाराशीं होता, एवढेंच. चांगल्या स्थितींतल्या, शिकलेल्या ग्रंथकारानें आपल्याहून चांगल्या स्थितींतल्या वाचकासाठीं हें लिहिलें, आणि तें लिहितांना त्यानें आवाज चढविला नाहीं. लूकचा स्वभाव आम्हांस येथें सर्वांत जवळून दिसतो. आणि त्याची सचोटीहि, कारण आश्रयदात्याला न रुचणारा मजकूर गाळणें त्याच्यासारख्या कांटछांट करणाऱ्यास मुळींच अवघड नव्हतें.

याचा अर्थ त्याला निर्दोष ठरवावें असा नव्हे. हेरोद राजाच्या कारकीर्दींत व क्विरीनियच्या शिरगणतीच्या वेळीं येशूचा जन्म झाला असें तो सुचवितो. हेरोद ख्रिस्तपूर्व ४ मध्यें वारला आणि क्विरीनियची शिरगणती इ. स. ६ मधली. हा सांधा जुळविण्यासाठीं केलेल्या खटपटी पुष्कळ आहेत. त्यांतील एकहि आम्हांस पटत नाहीं. त्याहून गंभीर म्हणजे पौलाची बाब. 'कृत्यां'चा अर्ध्याहून अधिक भाग पौलानें व्यापला आहे, पण पौलानें एकहि पत्र लिहिल्याचा त्यांत उल्लेख नाहीं. गलतीकरांस लिहितांना पौल ज्या भांडणाविषयीं संतापानें लिहितो, त्याच्यासारख्या वादाचा 'कृत्यां'त सभेंत गोडीगुलाबीनें निकाल लागतो. इतक्या निकटच्या सोबत्याकडून असें कसें घडावें, हा प्रश्न फिलिप फीलहाउअर या जर्मन पंडितानें १९५० मध्यें तीव्रतेनें मांडला आणि तो अजून मिटलेला नाहीं. सोबती हे उत्तम साक्षीदार असतातच असें नाहीं, एवढेंच त्यावर म्हणतां येईल. लूकला भांडणें आवडत नसत. मंडळी एकचित्त होती, हें चित्र त्याला प्रिय होतें.

शेवटीं त्या 'आम्ही'विषयीं. मासिकांच्या पानांत 'आम्ही' म्हणजे बहुधा टेबलाशीं बसलेला एकटाच इसम असतो, हें वाचकांस ठाऊकच आहे. लूकचा 'आम्ही' तसा नाहीं. तो कोणतीहि सूचना न देतां त्रोवसच्या बंदरांत अवतरतो, समुद्र ओलांडून फिलिप्पैला जातो, आणि तेथेंच गुप्त होतो. कित्येक वर्षांनीं पौल पुन्हां फिलिप्पैहून निघतो, तेव्हां त्याच गांवीं तो 'आम्ही' पुन्हां सुरू होतो. बनावट सर्वनामाला गांवाची इतकी आठवण राहते काय? समुद्रप्रवास 'आम्ही' म्हणून सांगण्याचा त्या काळीं लेखनसंकेतच होता, असें प्रतिपादन १९७० च्या दशकांत अमेरिकेंत झालें; पण फिलिप्पैचा योगायोग त्यानें उलगडत नाहीं. निदान कोणाची तरी रोजनिशी येथें आहे. ती लूकची स्वतःची असावी असें आम्ही समजतों. रोमच्या वाटेवरील वादळाचा अध्याय तर वाचावाच : अलेक्झांड्रियाचें धान्यवाहू जहाज, २७६ माणसें, चौदा रात्रींची भ्रमंती, अंधारांत टाकलेले बुडीद, आधीं वीस वांव आणि मग पंधरा, पाठीमागून सोडलेले चार नांगर. जेम्स स्मिथ या स्कॉटलंडच्या हौशी नाविकानें माल्टांत राहून वारे, अंतरें व खोली तपासलीं, आणि हें वर्णन खलाशाचें नसलें तरी जहाजावर असलेल्या माणसाचें आहे, असा निर्णय १८४८ मध्यें दिला. त्या साऱ्या गोंधळांत निवेदक स्वतः काय करीत होता, भ्याला कीं नाहीं, कोणाची नाडी पाहिली कीं नाहीं, याविषयीं एक अक्षर नाहीं. जहाज फुटतें, सारे कांठाला लागतात, हिवाळा माल्टांत जातो. मग 'आम्ही' रोममध्यें शिरतो, पौलाला पहाऱ्यावरील शिपायासह निराळें राहण्याची परवानगी मिळते, आणि त्यानंतर तें सर्वनाम पुन्हां येत नाहीं.